नव्या पेटीतले आजारी मासे



मागच्या महिन्यात काही लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींनी तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठीक आहे. घरात आजारी होते ते मासे. हो, मासे. जैनाच्या घरात मासे कशाला, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो मलाही पहिल्या दिवशी आला होता आणि मी गप्प बसले होते. ते गप्प बसणंच नडलं म्हणा.

श्रावणात नातवाचा सातवा वाढदिवस झाला. त्याच्या मामाने इचलकरंजीहून येताना दोन फुटांची काचेची पेटी आणली. तळाला घालायचे रंगीत खडे, हवेचा पंप, फिल्टर, प्लॅस्टिकची झाडं असं सगळं सामान होतं, आणि पिशवीत दहा मासे. सहा गोल्डफिश, चार मॉली. मी सूनबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, सूनबाईंनी माझ्या. व्याही हसून म्हणाले, "अहो, तीर्थंकरांच्या मातेच्या सोळा स्वप्नांत मत्स्ययुगल आहे की! शुभ आहे." स्वप्नातले मासे सरोवरात खेळत होते, काचेच्या पेटीत नव्हते, हे उत्तर मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं. चांगली उत्तरं मला नेहमी रात्रीच सुचतात.

नातू तर हरखून गेला. त्यातला एक काळा, डोळे बाहेर आलेला मासा त्याने आपला म्हणून निवडला आणि त्याचं नाव डबू ठेवलं. मृगसेन धीवराची गोष्ट मी त्याला पाठशाळेच्या वयाआधीच सांगितली आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा असं व्रत त्या कोळ्याने मुनिराजांकडून घेतलं, आणि पाच वेळा जाळं टाकलं तरी तोच मासा पुन्हा पुन्हा आला, तो त्याने पाचही वेळा सोडला. नातवाने ठरवून टाकलं की डबू तोच मासा आहे. आता काय बोलणार?

चौथ्या दिवशी पाणी दुधट दिसायला लागलं. सकाळी सामायिक आटोपून हॉलमध्ये आले, तर सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते. मला वाटलं, बिचारी भुकेली आहेत, माणूस दिसला की ओळखतात. मी चिमूटभर खाणं टाकलं. तासाभराने परत तेच, मी परत चिमूटभर टाकलं. दुपारी हे म्हणाले, "अगं, किती खातात गं हे?" तर मी म्हटलं, "मुकं जनावर आहे, मागतंय तर द्यायला नको?" घरात आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की समोर कोण आहे आणि तो नक्की काय मागतोय, हे बघायची सवयच राहत नाही.

ते अन्न मागत नव्हते, श्वास मागत होते. हे मला कळायला तीन मासे जावे लागले.

सहाव्या दिवशी एक केशरी गोल्डफिश आडवा तरंगताना दिसला. कल्ले हलत होते. त्याच्याजवळ बसून णमोकार मंत्र म्हटला. मरणाऱ्या जिवाच्या कानी मंत्र घालावा एवढंच मला ठाऊक होतं, माशाचा कान कुठे असतो ते ठाऊक नव्हतं. परसात जास्वंदीच्या मुळाशी खड्डा करून पुरलं. नातू रडला नाही, नुसता बघत राहिला, आणि ते मला जास्त लागलं.

मग मी पदर खोचला. आजारपण म्हणजे अस्वच्छता, हा माझा चाळीस वर्षांच्या संसाराचा हिशेब. सगळे मासे बादलीत काढले, पेटी रिकामी केली, खडे चाळणीत घालून नळाखाली खळखळून धुतले, फिल्टरचा स्पंज बुळबुळीत झाला होता तो साबण न लावता पण चांगला चोळून, पाणी नितळ येईपर्यंत पिळला. पेटी नव्या ताज्या पाण्याने भरली. काच अशी लख्ख की आरसा. हे म्हणाले, "आता कसं छान दिसतंय!" दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी दोन गेले.

हे मेलेल्या माशांचं सांगायला दुकानात गेले, तर दुकानदाराने जीभ चुकचुकवून दोन नवे गोल्डफिश फुकट दिले. "नवीन पेटीत दोन-चार जातातच काका," म्हणाला. जातातच! आपण आंब्याची पेटी आणली तर दोन-चार नासके निघतात, तसं. मला त्याचा राग आला, पण खरं तर तो माझ्यावरच होता. फुकट मिळालेले दोघं घरी आले आणि मी त्यांची पिशवी थेट पेटीत रिकामी केली. आठवड्याभराने डबूच्या काळ्या अंगावर पांढरे ठिपके दिसले. लाडू करताना हातावर रवा भुरभुरतो ना, अगदी तसे. डबू खड्यांवर अंग घासत होता. दोन दिवसांत सगळ्यांच्याच अंगावर रवा.

दसलक्षण पर्व सुरू झालं होतं. मंदिरात उत्तम क्षमेवर प्रवचन चाललेलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते घासणारं अंग. परतताना शेजारच्या वहिनींनी सुचवलं, "कृष्णेत सोडून द्या की. जीवदयाही होईल आणि तुम्हीही सुटाल." मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन स्टीलचा डबा शोधायला लागले. आयर्विन पुलाजवळच्या घाटावर जायचं, णमोकार म्हणायचा आणि सोडायचं. मनातल्या मनात मी सुटलेही होते.

पण डबा हातात घेतल्यावर सासूबाई आठवल्या. आमच्या गावाकडच्या वाड्यात आड होता. सासूबाई दुहेरी फडक्याने पाणी गाळायच्या आणि गाळून उरलेली जिवाणी त्याच आडात, अगदी पाण्यालगत सोडायच्या. मी नवी नवरी, बी.कॉम. झालेली, शहाणी. एकदा कंटाळून ती मोरीत ओतायला निघाले, तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात जायला पाहिजेत. दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत ते." तेव्हा मला ती जुन्या बायकांची रीत वाटली होती. आता पेटीसमोर उभी राहून वाटलं, आपण दहा मासे पिशवीतल्या पाण्यातून नळाच्या पाण्यात ओतले, परत नळातून नळात ओतले, आणि आता नदीत ओतायला निघालो.

मी फोन केला माझ्या धाकट्या जावेच्या भाचीला. ही मुलगी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली. तिने प्रवेश घेतला तेव्हा समाजात काय काय बोललं गेलं ते मला आठवतं, कारण त्यातलं थोडं मीही बोलले होते. "श्रावकाची पोर आणि मासेमारी शिकणार!" असं मी एका साखरपुड्याच्या पंगतीत म्हटलं होतं. ते तिच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, कोण जाणे. तिने मात्र पहिल्या रिंगला फोन उचलला आणि "बोला मावशी" म्हणाली.

नदीचं ऐकून ती आधी स्पष्ट नाही म्हणाली. हे मासे इथल्या नदीचे नाहीत. शिवाय अंगावर रोग घेऊन जातील आणि नदीतल्या माशांना देतील. "एकाला सोडायला जाल आणि शंभरांना आजारी कराल." मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. पेटी केवढी, मासे किती, पाणी कधी बदललं, स्पंज कसा धुतला. स्पंजचं सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प झाली.

तिने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. मासा पाण्यातच खातो, पाण्यातच शौच करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो, म्हणून त्याला श्वास पुरत नाही आणि तो वर येऊन तोंड उघडतो. नदी-तळ्यात हा अमोनिया खाणारे सूक्ष्म जिवाणू असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य. नव्या पेटीत हे जिवाणू नसतातच. ते स्पंजवर आणि खड्यांवर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. म्हणून पेटी आधी तयार करायची, मासे नंतर, तेही एकेक-दोनदोन करून आणायचे. आमच्याकडे दहा मासे पहिल्याच दिवशी आले. आणि जी काही थोडीफार वस्ती झाली होती, तो बुळबुळीतपणा, तो मी क्लोरीनच्या पाण्याखाली चोळून चोळून धुतला. पावसाळ्यात आमच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास जरा जास्तच असतो.

वाणिज्य शाखेच्या बाईला हे लगेच कळलं. आवक रोजची आणि जावक शून्य, त्यावर मी चिमटीचिमटीने आवक वाढवत होते. असं दुकान किती दिवस चालणार?

मी वही घातली. जुन्या वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीख, अमोनिया, काढलेलं पाणी, घातलेलं पाणी, खाणं, मृत्यू असे रकाने आखले. पेटीचा हिशेब केला: दोन फूट गुणिले एक फूट गुणिले सव्वा फूट, म्हणजे अडीच घनफूट, म्हणजे साधारण 70 लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता 60. भाची म्हणाली, एका गोल्डफिशला निदान चाळीस लिटर पाणी हवं. मी सहाने गुणलं आणि वही मिटली.

मुलाने अमोनिया तपासायचं किट मागवलं. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर धोका. आमचं पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं झालं. उपाय साधे होते, पण रोजचे. दररोज एक बादली, 15 लिटर, तळातली घाण नळीने ओढत काढायची आणि तेवढंच पाणी घालायचं. ते पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं, वर अँटीक्लोरीनचे थेंब टाकलेलं, आणि हाताला पेटीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार लागणारं. सगळं पाणी एकदम कधीच नाही. स्पंज धुवायचा तर काढलेल्या त्या पाण्यातच दोनदा हलकेच दाबायचा, नळाखाली नाही. हे ऐकताना मला सासूबाईंचा हात मनगटावर जाणवला.

आणि दोन दिवस खाणं पूर्ण बंद.

इथे मी अडले. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत, बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पाचवा अगदी स्पष्ट, मुक्या जनावराचं खाणं-पिणं अडवणं. भाची म्हणाली, "मावशी, मोठ्या माशांना दोन दिवस उपवास सोसतो. विष सोसत नाही." नातवाला हे एकदम पटलं. "आजी, तुझा उपवास आणि डबूचा पण!" दोन दिवस मी एकाशन केलं आणि पेटीजवळून जाताना तिकडे पाहायचं टाळलं. मासे वर येऊन तोंड उघडायचे, आणि माझा हात आपोआप डबीकडे जायचा. त्या पाच अतिचारांतला पहिला, बंध, म्हणजे कोंडून ठेवणं, तो तर पेटी दारात आली त्या दिवसापासून चालूच होता. त्याबद्दल माझा हात कधी अडखळला नव्हता.

रव्याची गोष्ट वेगळी. तो पांढरा ठिपका म्हणजे एक परजीवी. फुकटच्या दोघांबरोबर आला असावा, असं भाची म्हणाली. नवा मासा निदान दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवायचा असतो. हा जीव माशाच्या कातडीखाली बसतो, तिथे त्याला कुठलाच उपाय लागत नाही. पोट भरलं की गळून तळाशी पडतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पोहत पोहत मासा शोधायला निघतात. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. जे करायचं ते याच वेळी. निळं औषध तिने नको म्हटलं, कारण त्याने स्पंजवरचे कामाचे जिवाणूही जातात. तिने मीठ आणि ऊब सांगितली. आयोडीन नसलेलं जाडं मीठ, लिटरला दोन ग्रॅम. म्हणजे 120 ग्रॅम, पण एकदम नाही, दर बारा तासांनी चाळीस-चाळीस, पाण्यात विरघळवून. हीटर लावून पाणी रोज एकेक अंश वाढवत 28 पर्यंत न्यायचं आणि हवेचा पंप जोरात ठेवायचा, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बादलीभर पाणी बदललं की त्या बादलीपुरतंच मीठ परत घालायचं, 30 ग्रॅम. पाणी नुसतं वाफेने आटलं असेल तर मीठ घालायचं नाही, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. हे मी ह्यांना तीन वेळा समजावलं. हे बँकेत होते, तरी.

पण मिठाचा पहिला पेला हातात घेतला तेव्हा भगिनींनो, मी पाच मिनिटं उभी होते. पोहत निघालेले ते शेकडो जीव मी जाणूनबुजून मारणार होते, तेही दसलक्षणात. मासा पंचेंद्रिय, त्याला वाचवायचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्यांना मारायचं. पोराला ताप आला की आपण औषध देतो तेव्हा हा विचार करत नाही, हे खरं. पण पोराला मी पेटीत कोंडून आजारी पाडलेलं नसतं. मी मीठ घातलं. प्रतिक्रमणात ते म्हटलं. आजही त्या पेल्याबद्दल माझ्या मनात निकाल लागलेला नाही.

भाचीने एक गोष्ट बजावली होती. अंगावरचा रवा गेला की लोक उपाय थांबवतात आणि आठ दिवसांत तो दुप्पट परत येतो. डबूचं अंग सहाव्या दिवशी काळंभोर झालं. मी आणखी दहा दिवस मीठ आणि ऊब चालू ठेवली, मग रोजच्या बादलीबरोबर हळूहळू मीठ उतरवलं. तोवर फुकट आलेले दोघंही गेले होते आणि एक मॉलीही. वहीत मृत्यूच्या रकान्यात एकूण सहा. शिल्लक सहा. ताळेबंद जुळतो, म्हणून काही बरं वाटत नाही.

खाण्याच्या डबीचंही सांगायला हवं. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली तर पहिलाच घटक माशांची पूड. ही डबी महिनाभर माझ्या हॉलच्या कपाटात होती! सूनबाईंनी ती तडक बाहेरच्या व्हरांड्यात ठेवली. भाचीने शेवाळाच्या पुडीपासून केलेले दाणे सुचवले आणि जोडीला उकडलेला, साल काढलेला मटार. गोल्डफिशना तो आवडतो. संध्याकाळी दिवे लागायच्या आत त्यांचं उरकतं. आमच्या घरात आता माशांनाही रात्रिभोजनाचा त्याग आहे, असं हे सगळ्यांना सांगत असतात.

पर्व संपल्यावर क्षमावाणीला गावातल्या आर्यिका माताजींच्या दर्शनाला गेले, तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं होतं प्रायश्चित्त सांगतील. त्या म्हणाल्या, "आणलेत त्यांचं आयुष्य पुरं होईपर्यंत नीट सांभाळा. नवे आणू नका." एवढंच. मी घरी येऊन भाचीला विचारलं, गोल्डफिश किती जगतो? ती म्हणाली, नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज. मी चौसष्ट वर्षांची, हे सत्तरचे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. "नातवाच्या नावावर करून ठेवू," हे म्हणाले.

त्याच फोनवर मी तिची क्षमा मागितली. त्या पंगतीतल्या बोलण्याचीच, नाव घेऊन. नुसतं मिच्छामि दुक्कडम म्हणून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, ते मला त्याच रात्री कळलं होतं." मग लगेच, "नायट्राइट तपासलं का आज?"

तीन गोल्डफिशना साठ लिटर अपुरंच. मुलाने मोठी, चार फुटांची पेटी घ्यायची ठरवली. परिग्रह कमी करायच्या वयात माझ्या घरात काच वाढतेय. पण यावेळी पेटी आली, भरली आणि रिकामीच चालू ठेवली. जुना स्पंज, तोच बुळबुळीत, न धुतलेला, नव्या फिल्टरमध्ये घातला, म्हणजे वस्ती तयारच. किटमध्ये पाणी सलग पिवळं येईपर्यंत नातवाने रोज विचारलं, "आज?" आणि मी रोज म्हटलं, "उद्या बघू."

परवा रविवारी डबूला हलवलं. जुन्या पाण्यासकट पातेल्यात घेतला आणि तासभर दर पाच मिनिटांनी वाटीभर नवं पाणी घातलं. मग हाताने अलगद सोडला. थोडा वेळ तो तळाशी खड्यांवर बसून राहिला. नंतर एकदम वर आला आणि पृष्ठभागाशी तोंड उघडलं. नातवाने डबी उचलली. मी म्हटलं, "थांब." आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून त्याचे कल्ले बघायला लागलो.